बुटांमागचा लोखंडी पाय

शप्पथ! मोठ्याने सांगते, शेजारच्यांना ऐकू गेलं तरी चालेल. यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या उरलेल्या चार दातांची शप्पथ, त्यातले दोन हलतात ही गोष्ट वेगळी. खोटं बोलत असेन तर आत्ताच्या आत्ता ही खुर्ची माझ्यासकट उलटी होवो. झाली? नाही ना? मग गुपचूप ऐका, आणि मधे मधे "आजी, असं कसं होईल" करायचं नाही. झालं तसं सांगते.

ही माझ्या थोरल्या मावशीची गोष्ट. थोडी मी तिच्याकडून ऐकली, थोडी माझ्या आईकडून, म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीकडून. दोघींचं जिथे जुळायचं नाही तिथे मला जे पटलं ते मी धरलं.

तेव्हा माणूस म्हणजे त्याचं कार्ड. कार्ड म्हणजे फोटोच, पण पत्त्याच्या पानाएवढा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मागच्या बाजूला फोटोवाल्याचं नाव वेलबुट्टीत छापलेलं. फोटो काढला की डझनाने कार्डं करून घ्यायची आणि कुणाकडे गेलं की निघताना एक ठेवून यायचं. प्रत्येक घरात बाहेरच्या खोलीत टेबलावर आल्बम असायचा. चामड्याचं कव्हर, पितळी कडी, जाडजूड पानं, आणि प्रत्येक पानाला खाच. त्या खाचेत खालून कार्ड सरकवायचं. आल्बम इतका जड, की एका घरी तो नुसता टेबलावर ठेवला तर टेबलाचा पाय मोडला आणि खाली झोपलेलं मांजर सरळ खिडकीतून शेजारच्यांकडे राहायला गेलं. परत आलंच नाही. हसू नका, ते मांजर माझ्या आईने पाहिलंय.

पाहुणे आले की घरातली बाई केस नीट करून बाहेर येईपर्यंत त्यांनी काय करायचं? आल्बम चाळायचा. चाळायचा कसला, आपण कितव्या पानावर आहोत ते शोधायचं. पहिल्या पानावर घरातली वडीलधारी, मग मुलं, जावई, मग इतर गोतावळा, मग शेजारी. गेल्या खेपेला चौथ्या पानावर असलेली बाई या खेपेला नवव्या पानावर सापडली, तर ती चहासुद्धा न घेता उठायची. आणि घरी जाऊन पहिलं काम काय? तिच्या आल्बममधून हिला उचलून अकराव्या पानावर टाकायचं. असे सगळे हिशेब गुपचूप चालायचे, तोंडाने कुणी काही बोलायचं नाही.

आणि एक नियम सगळ्या घरांत सारखा. पुढची पानं जिवंतांची, मागची पानं गेलेल्यांची. मधे एक कोरं पान सोडायचं. माणूस गेला की त्याचं कार्ड पुढून काढून त्या कोऱ्या पानापलीकडे लावायचं.

तर मावशीचं लग्न ठरलं होतं. मुलगा पूल बांधणाऱ्या कंपनीत होता, लांब, दोन नद्या ओलांडून. म्हणून सगळे त्याला पूलवाला म्हणायचे. उंच, बोलायला कमी, आणि भांग डाव्या बाजूला. हा भांग लक्षात ठेवा, पुढे त्याने जीव काढलाय आमच्या घराचा. लग्न ठरवताना त्याच्याकडे कार्ड नव्हतं. "कामावर गेलो की काढून पाठवतो" म्हणून गेला. आल्बमात जावयाच्या पानावर खाच रिकामी ठेवली होती. मावशी येता-जाता ती खाच बघायची. माझी आजी म्हणायची, "अगं, भोकाकडे बघून काय नवरा येणारे त्यातून?"

एके दिवशी पाकीट आलं. मावशीने उघडलं तर आत एकच कार्ड. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. पाकिटावरचं अक्षर त्याचं नाही.

कार्डावर पूलवाला उभा.

आता तुम्हाला वाटेल, उभा तर उभा, त्यात काय? पण आमच्या गावात कार्डावर कुणी उभं नसायचंच. गावात फोटोवाले एकच, आणि त्यांच्याकडे एक उंच पाठीची कोरीव खुर्ची. राजा येवो की रंक, त्या खुर्चीत बसायचं, पाठीला डोकं टेकवायचं आणि श्वास रोखायचा. सगळं गाव त्या एका खुर्चीत बसलेलं. उभं कार्ड गावात एकच, बेकरीवाल्याचं.

हा बेकरीवाला म्हणजे काय माणूस होता! दुकानाच्या दारातून आत जायचं तर त्याने आधी बाहेर यायला लागायचं. तो त्या खुर्चीत मावेना, म्हणून फोटोवाल्यांनी त्याला उभा करून फोटो काढला. त्याच सुमाराला बेकरीवाला गेला. कार्डं आली, ती बेकरीणबाईंनी घरोघर वाटली. आणि त्या कार्डावर, त्याच्या बुटांच्या मागे, लोखंडाचा एक तिपाई पाय दिसत होता. छत्रीच्या स्टँडला असतो ना, तसा.

"हे काय हो मागे?" कुणीतरी विचारलं.

बेकरीणबाई म्हणाल्या, "फोटो गेल्यावर काढलाय. आमचे हे मेल्यावरसुद्धा आडवे झाले नाहीत. लोखंड लावून उभे केले, पण उभे राहिले!"

केवढा तो अभिमान. आणि त्या दिवसापासून गावाला पक्कं झालं. उभं कार्ड आणि बुटांमागे लोखंड, म्हणजे मेलेला माणूस.

आता पूलवाल्याच्या कार्डाकडे या. माझे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्यात अडकवायचं भिंग त्यांच्या कपाळावर कायम, आंघोळीलासुद्धा तसेच जायचे. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं, कार्ड खिडकीशी नेलं, आणि पुन्हा पुन्हा उजेडात तिरकं धरलं.

"काय दिसतंय?" आजी.

"बूट."

"बुटांच्या मागे?"

आजोबांनी भिंग पुसलं.

आजीने कार्ड हिसकून घेतलं. भिंगाची गरजच नव्हती. दोन बुटांच्या मधे, मागे, लोखंडी पाय. तीन बोटं पसरलेली, पक्ष्याच्या पंजासारखी.

मावशी म्हणाली, "डोळे उघडे आहेत त्याचे."

"डोळे रंगवतात ते वरून," आजी म्हणाली, आणि मग स्वतःच्याच बोलण्याने घाबरून खाली बसली.

मग एकेक दिसायला लागलं. एकदा भीती डोळ्यात शिरली की सगळं तिच्याच बाजूने साक्ष देतं. कोट त्याचा नव्हता, बाह्या आखूड, मनगटं बाहेर. हात दोन्ही बाजूंना सरळ, कुणीतरी ठेवल्यासारखे. आणि भांग उजव्या बाजूला.

"तो डावीकडे पाडतो," मावशी म्हणाली. आवाज असा, की जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतेय.

डावा भांग पाडणारा माणूस स्वतःच्या हाताने उजवा पाडत नाही. केस दुसऱ्याने विंचरले होते. कोट दुसऱ्याचा. पाकिटावरचं अक्षर दुसऱ्याचं. मागे लोखंड.

आजोबा म्हणाले, "मी पत्र टाकतो. कंपनीच्या साहेबालाच टाकतो." टाकलंही. पण तेवढ्यात वर्तमानपत्रात आलं. पुलाच्या कामावर ताप पसरलाय, सगळी वस्ती बंद केलीय. आत टपाल जाईल, बाहेर काही येणार नाही. ना माणूस, ना कागद. ताप कागदाला चिकटून येतो म्हणे.

झालं. विचारता येतं, पण उत्तर मिळत नाही. अशा वेळी घराचं काय होतं सांगू? काही होत नाही. चहा होतो, भांडी होतात, आजोबा घड्याळं उघडतात आणि पुन्हा बंद करतात. फक्त कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नाही.

मावशीने कार्ड जावयाच्या खाचेत लावलं. पुढच्या पानांत.

दुसऱ्या दिवशी बेकरीणबाई आल्या. कार्ड आलेलं सगळ्या गावाला कळलं होतंच. पाहुण्यांचा हक्क, त्यांनी आल्बम उघडला, त्या पानाशी आल्या आणि जीभ चावली.

"अगं बाई! पुढेच ठेवलंय?"

आजी म्हणाली, "नक्की काही कळलं नाही हो अजून."

"कळायचं काय राहिलंय? हे बघा, आमच्यांचं होतं अगदी तसंच लोखंड. मी काय आज बघतेय?" मग मावशीच्या पाठीवरून हात फिरवला. "रड हो पोरी. कोंडून ठेवू नको. मी रडले होते, बेकरीत पीठ सगळं भिजलं."

मावशी रडली नाही. ती म्हणाली, "काकू, चहा गार होतोय."

बेकरीणबाई गेल्या, आणि आजीने कार्ड काढून मागच्या पानांत लावलं. संध्याकाळी मावशीने ते पुन्हा पुढे आणलं. सकाळी पुन्हा मागे. दोघी एकमेकींना काही बोलायच्या नाहीत. भाजी निवडायच्या शेजारी बसून, आणि उठल्या की आल्बमची कडी वाजायची. खट्. कधी आजी उठली की खट्, कधी मावशी. पूलवाला बिचारा दिवसातून दोनदा मरायचा आणि दोनदा जिवंत व्हायचा. खाचेची कड फाटायला आली.

शेवटी आजोबा म्हणाले, "अरे, त्याला एका जागी राहू द्या रे! जिवंत असेल तर दमेल."

आजी चिडली. "मग काय करू? जिवंतांत मेलेला ठेवला म्हणजे घरावर काय येतं माहितीये?"

"आणि मेलेल्यांत जिवंत ठेवला तर त्याच्यावर काय येतं?" मावशी म्हणाली.

आजी ताडकन उठून आत गेली आणि उगाचच पातेली घासायला लागली.

मला विचाराल, तर आजी वाईट नव्हती. ती घाबरलेली होती. तिला वाटत होतं, पोरगी एका मेलेल्या माणसाच्या नावाने बसून राहील आणि हिचं काय व्हायचं? माणूस घाबरला की घाई करतो. तिने काकांना बोलावलं.

काका म्हणजे आजोबांचा धाकटा भाऊ. स्थळं जुळवायचा फार नाद. खिशात कायम चार-पाच कार्डं, ती पत्ते पिसल्यासारखी पिसायचा. आला, बसला आणि एक कार्ड टेबलावर टाकलं.

"औषधवाल्याचा मुलगा. स्वतःचं दुकान. खुर्चीत बसलाय, बघून घ्या, मागे लोखंड-बिखंड काही नाही."

"काका!" मावशी ओरडली.

"अगं, गंमत केली. पण ऐक, मुलगा चांगला आहे. एकच अट आहे त्यांची. मागे एका मुलीचं कार्ड पाहून होकार दिला, आणि प्रत्यक्षात मुलगी खुर्चीतून उठली तर बसली होती तेवढीच. म्हणून त्यांना उभं कार्ड हवंय. डोक्यापासून पायापर्यंत."

उभं कार्ड म्हटल्यावर आजीनेही ते टेबलावरचं कार्ड हळूच काकाकडे सरकवलं.

काका म्हणाला, "जिवंत माणसाचं काढतील हो उभं! तुम्ही बायका म्हणजे ना."

मावशीने आजोबांकडे बघितलं. आजोबांनी भिंग डोळ्यावर ओढलं, म्हणजे त्यांना कुणाकडे बघायला नको. मग ते हळूच म्हणाले, "कार्ड काढल्याने लग्न होत नाही. काढून ये. तुझ्या आईला जरा झोप तरी लागेल."

मावशी गेली. का गेली? ती मला म्हणाली होती, "अगं, त्या खट् खट्‌ला मी पण कंटाळले होते. आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं होतं की तो नाहीये. फक्त मी ते कुणाला कळू देत नव्हते."

फोटोवाल्यांची खोली माडीवर होती. छत अर्धं काचेचं, उन्हाने आत भट्टी झालेली, आणि औषधांचा वास असा, की डोळ्यांतून पाणी. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, तळं आणि दोन हंस. एका हंसाला रंगवणाऱ्याने चुकून तीन पाय काढले होते, ते गावातल्या प्रत्येक कार्डात कुणाच्या तरी कानामागून दिसायचे. फोटोवाले स्वतः बारीक, चिडके, आणि दिवसातला निम्मा वेळ काळ्या कापडाखाली.

"उभं?" ते बरोबर आलेल्या आजीला म्हणाले. "मी उभं काढत नाही."

"काढलंय की तुम्ही एकदा," आजी म्हणाली. "बेकरीवाल्यांचं."

फोटोवाल्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "बरं. तुम्ही खाली बसा. इथे दोन माणसं असली की हवा हलते, पडदा हलतो."

आजी खाली गेली. मावशी पडद्यासमोर उभी राहिली. फोटोवाले कोपऱ्यातल्या फडक्यामागे गेले आणि काहीतरी ओढत आणायला लागले. फरशीवर लोखंडाचा आवाज.

मावशीने मान वळवून बघितलं. तीन बोटांचा पंजा. वर दांडा, आणि दांड्याच्या टोकाला दोन वाकड्या बोटांचा चिमटा.

ती म्हणायची, "मला वाटलं, हे मला आता मारतात की काय. वेडच लागलं असतं मला. जिवंत माणूस त्या लोखंडासमोर उभा राहिलेला मी कधी ऐकलाच नव्हता." फोटोवाल्यांनी तो स्टँड तिच्या मागे ठेवला, उंची जुळवली, आणि तो थंडगार चिमटा तिच्या मानेला मागून लागला. दोन्ही कानांच्या खाली.

"आता हलू नकोस."

"हे... हे कशाला?"

"कशाला म्हणजे? मान धरून ठेवायला. भिंगाचं झाकण काढलं की चांगला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस हलतो. खुर्चीत पाठीला डोकं टेकतं, उभ्याला काय टेकायला देऊ, आकाश? हनुवटी वर. वर. हां. आता गप्प." ते कापडाखाली गेले, मग बाहेर आले, फोटो उमटायची काच बसवली, आणि भिंगावरचं झाकण काढलं. "हं. श्वास धर."

मावशी उभी. सगळ्या खोलीत फक्त उन्हाचा आवाज. हो, उन्हाला आवाज असतो, काचेच्या छताखाली उभे राहून बघा. आणि तिच्या डोक्यात हळूहळू एक गोष्ट उलटी फिरायला लागली. मान हलते म्हणून लोखंड. हलते म्हणून. ओठ न हलवता ती म्हणाली, "बेकरीवाल्यांना पण हेच लावलं होतं?"

"बोलू नकोस!"

"त्यांना कशाला लावलं? ते तर गेले होते ना?"

"गेले होते? कोण गेले होते? माझ्याशी भांडत होता तो पूर्ण वेळ! बटण घट्ट होतंय, मान दुखतेय, किती वेळ, पाणी आणा. तीन काचा फुकट गेल्या माझ्या. मेलेल्या माणसाला लोखंड कशाला लागतंय गं? तो कुठे हलायला—"

मावशीने गर्रकन मान वळवली. "जिवंत होते?"

"हलली!" फोटोवाल्यांनी कपाळावर हात मारला. "हलली! गेली काच!"

"तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?"

फोटोवाले झाकण हातात घेऊन तसेच उभे. मग एकदम त्यांचा आवाज खाली आला. "काय सांगू? त्या बाईला कार्डं द्यायला गेलो, तर दारातच मला म्हणाली, 'बघा, मेल्यावरसुद्धा उभे राहिले.' तिच्या घरात गर्दी. त्या गर्दीत मी म्हणू, बाई, खोटं आहे हे? नंतर सांगू म्हटलं, आणि नंतर मग ते सगळ्या गावाचं झालं. कुणी मला विचारायलाच आलं नाही. आणि मग मी उभं काढणंच बंद केलं."

मावशीने पुढचं ऐकलंच नाही. जिना उतरताना तिची एक चप्पल वरच राहिली.

"आई, लोखंड जिवंत माणसालाच लावतात!"

आजी उठून उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, आणि लगेच पुन्हा आवळलं. "म्हणजे फोटो काढला तेव्हा जिवंत होता."

"हो!"

"आणि आत्ता?"

हे मावशीच्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्ड आलं तेव्हा ताप यायचा होता. कार्ड सांगत होतं ते तेवढ्या एका क्षणाचं. त्याच्यानंतरचं काहीच सांगत नव्हतं. ती मला म्हणाली होती, "आधी एकच भीती होती, ती मी ओळखत होते. आता तिला तोंडच नव्हतं."

फोटोवाल्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी ती बिघडलेली काच धुऊन, छापून, एक कार्ड करून मावशीला फुकट आणून दिलं. काय कार्ड होतं ते! मी पाहिलंय, हातात धरून पाहिलंय. झगा स्वच्छ, हात स्वच्छ, पायाची एकच चप्पल—नाही, तेव्हा दोन्ही होत्या. मागे लोखंडी पंजा. आणि खांद्यांच्या वर डोकं नाहीच. नुसता धूर. त्या धुरात एक कान आणि हंसाचा तिसरा पाय.

काका म्हणाला, "हे औषधवाल्याला दाखवलं तर तो मलाच औषध देईल."

औषधवाल्याकडे अर्थातच ते गेलं नाही. आजीने दुसऱ्यांदा काढायचं नाव काढलं, पण मावशी म्हणाली, "मी उभी राहीन, पण दर वेळी हलेन." आणि आजीने तो विषय सोडला. खरं म्हणजे खट् खट् तेव्हापासून बंद झालं. कार्ड पुढच्याच पानात राहिलं. दोघींचं ठरलं काहीच नव्हतं, पण आजीचा हात मागच्या पानांकडे जाईना.

मग मावशीने एक गोष्ट केली. ते धुराचं कार्ड पाकिटात घातलं, वर पूलवाल्याचं नाव, कंपनीचं नाव, बंद वस्तीचा पत्ता. आतमध्ये काही लिहिलं नाही.

आजोबा म्हणाले, "अगं, निदान दोन ओळी?"

"काय लिहू? जिवंत आहेस का?" ती म्हणाली. "तो असेल तर बघेल. नसेल तर वस्ती उघडली की कुणीतरी परत पाठवेल."

आणि मग वाट बघणं. मी पुष्कळ वाट पाहिलीय आयुष्यात, पण मावशीने पाहिली तशी नाही. टपालवाल्याच्या पावलांचा आवाज तिला कोपऱ्यावरच ओळखू यायचा. टपालवाला घरावरून पुढे गेला की तिला दुःख व्हायचं, आणि थांबला की त्याहून वाईट. वस्ती उघडली असेल आणि हे परत आलेलं पाकीट असेल तर? वर कुणाच्या तरी अक्षरात 'माणूस नाही' लिहिलेलं? म्हणून तो थांबला की ती आत पळायची आणि पाकीट आजी घ्यायची. आजी दारातूनच ओरडायची, "घड्याळाचं आहे! घड्याळाचं आहे!" मग मावशी बाहेर यायची. बेकरीणबाई दोनदा येऊन गेल्या. मावशीने त्यांना काही सांगितलं नाही. फोटोवाल्यांनी जे गिळलं ते तिनेही गिळलं. "त्यांच्याकडे तेवढंच उभं आहे," म्हणाली. "मी कशाला आडवं करू?"

ऊन बदललं. आजोबांनी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात दुसऱ्याचा काटा बसवला, आयुष्यात पहिल्यांदा. वर्तमानपत्रात वस्तीतल्या माणसांचे आकडे यायचे, नावं नाही. आजी वर्तमानपत्र आधी स्वतः बघायची, मग त्यात कोबी गुंडाळून ठेवायची.

एके दिवशी दुपारी मावशी दारात पायपुसणं झटकत होती. रस्त्याच्या टोकाला एक माणूस पळत येताना दिसला. पळत म्हणजे कसा? टोपी हातात, दाढी छातीपर्यंत, अंगावरचा कोट असा ढगळ की वाऱ्यात त्याच्या आधी तोच पुढे येत होता. लोक बाजूला होत होते. कुत्री भुंकायची विसरली. मावशीला वाटलं, चोर आहे, आणि तिने पायपुसणं उगारलं.

तो फाटकापाशी थांबला. हातात तिचं कार्ड, घामाने मऊ झालेलं.

भांग कुठे होता विचारू नका. भांगच नव्हता. तापात केस सगळे गेले होते.

त्याने मावशीकडे बघितलं. खांद्यांच्या वर बघितलं. आणि म्हणाला, "डोकं आहे ना अजून? वस्तीत सगळे म्हणाले, ही गेली. तुला बघायला आलो, डोकं आहे की नाही."

मावशी म्हणाली, "तुझे केस कुठे गेले?"

असं झालं त्यांचं बोलणं. मग पाणी, मग आजीचं रडणं, मग आजोबांनी भिंग लावून त्याचं मनगट तपासणं, जणू आत काटे फिरतात का बघताहेत. हळूहळू सगळं कळलं. तिकडचा एक फिरता फोटोवाला वस्तीवर आला होता, सगळ्या गड्यांना एकच कोट आळीपाळीने घातला, सगळ्यांचे केस स्वतःच्या कंगव्याने एकाच बाजूला पाडले, आणि पाकिटंही त्यानेच लिहून टाकली. मग ताप. मग तापातून उठल्यावर हे कार्ड. आजारी माणसं एका खोलीत पडलेली, हातोहात ते फिरलं, आणि सगळ्यांचं एकच मत पडलं: मुलगी मेलीय. लोखंड तर आपल्यालाही लावलं होतं, पण डोकं कुणाचं गेलं नव्हतं. वस्ती उघडली तसा तो पगार घ्यायलासुद्धा थांबला नाही.

अशी ती गोष्ट. शब्द न् शब्द खरा.

बरं, बरं. असं बघू नका माझ्याकडे. एक गोष्ट नाही. डोकं आहे ना अजून, असलं काही तो बोलला नव्हता. ते मी घातलं. तो काहीच बोलला नाही. मावशीला बघितलं आणि पायरीवर बसला, आणि एवढा मोठा पूल बांधणारा माणूस टोपीत तोंड घालून असा रडला, की मावशी पायपुसणं हातात घेऊन त्याच्या शेजारी कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. ती होती तोवर मला हे कुणाला सांगू द्यायची नाही. म्हणायची, त्याचं ते फक्त माझं आहे, तू दुसरं काहीतरी घाल. म्हणून घातलं.